घरचा जुना संगणक मंदावतो तेव्हां

वस्तु जुनी झाली म्हणजे ती टाकून द्यावी, ही रीत आपल्या घरांतून पूर्वीं नव्हती. पितळेच्या भांड्याला कल्हई, शिलाईच्या यंत्राला तेल, घड्याळाला वर्षांतून एकदां सफाई आणि ग्रंथाला नवी बांधणी मिळे. व त्याच वस्तु पुढच्या पिढीच्या हातीं जात. हल्लीं बहुतेक सुशिक्षित कुटुंबांतून दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यांत संगणक असतो, आणि त्याच्या बाबतींत मात्र ही रीत आपण विसरलों आहों. आठ-दहा वर्षांत तो मंदावतो. कळ दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत चहा होऊन जातो. मग घरांत दोन पक्ष पडतात. तरुण मंडळी म्हणतात, ‘नवा घ्या’; वडील माणसें म्हणतात, ‘चालतो आहे तोंवर चालवा.’ आमच्या मतें दोन्ही पक्ष अपुरे आहेत. तो मंद कां झाला हें पाहिल्यावांचून टाकणें हा उधळेपणा, आणि तें न पाहतां तसाच चालविणें हा निष्काळजीपणा होय.

शिवाय हा प्रश्न केवळ पैशांचा नाहीं. कुलवृत्तान्तासाठीं जमविलेली वंशावळ, आजोबांच्या पत्रांचीं छायाचित्रें, मुंजी-लग्नांच्या आठवणी, घरपट्टीच्या व विम्याच्या पावत्या, सूनबाईंच्या कचेरीचे कागद, मुलांचा अभ्यास, असें एकत्र कुटुंबाचें सारें दप्तर त्या एका पेटींत सांठलेलें असतें. संगणक दुकानांत पुन्हां मिळतो. हें दप्तर मिळत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं सात वर्षें गांवोगांव हिंडून वंशावळीचीं टिपणें केलीं होतीं. संगणक हळू चालतो म्हणून त्यांनीं तो एका दुकानांत दिला. दुकानदारानें कांहीं न विचारतां डिस्क पुसून सर्व नवें बसवून दिलें. संगणक वेगानें चालूं लागला खरा; पण टिपणें गेलीं तीं गेलींच. ज्या वृद्धांनीं तोंडी माहिती सांगितली होती, त्यांपैकीं कित्येक तोंवर दिवंगत झाले होते. म्हणून वेग वाढविण्याच्या सर्व उपायांत आमचा आग्रह एवढाच आहे: अगोदर दप्तर राखावें, मग कारण शोधावें, आणि एका वेळीं एकच उपाय करून त्याचा गुण पाहावा.

प्रथम दप्तराची नक्कल

संगणकास हात लावण्यापूर्वीं त्यांतील सर्व महत्त्वाच्या फाइलींची नक्कल करावी. जाणत्या लोकांचा नियम असा आहे कीं, एकूण तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. म्हणजे मूळ प्रत संगणकांत, दुसरी बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर, आणि तिसरी इंटरनेटवरील सांठ्यांत किंवा दुसऱ्या गांवच्या भावाच्या घरीं. नक्कल झाल्यावर बाहेरची डिस्क काढून कपाटांत ठेवावी. ती सदोदित जोडून ठेविली, तर संगणकावर येणारें संकट तिच्यावरही येतें. आणि नक्कल झाली असें नुसतें समजूं नये. दुसऱ्या संगणकावर दहा-पांच फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्या.

मराठी घरांतून येथें एक विशेष सावधगिरी लागते. युनिकोडची पद्धति सर्वत्र रूढ होण्यापूर्वीं पुष्कळ मराठी मजकूर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्री-लिपि’नें किंवा सी-डॅकच्या ‘आय.एस.एम.’नें लिहिला जात असे. त्या जुन्या पद्धतींत अक्षराचें रूप फॉंटच्या फाइलींत असतें आणि मजकुराच्या फाइलींत नुसते संकेत असतात. तो फॉंट नाहींसा झाला कीं, पणजोबांच्या नांवाच्या जागीं इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसूं लागते. म्हणून मजकुराबरोबर त्या फॉंटचीही नक्कल ठेवावी. महत्त्वाचा मजकूर युनिकोडांत बदलून घ्यावा. आणि बदलतांना जोडाक्षरें व रफार बिघडतात, यास्तव तो मूळ प्रतीशीं ताडून पाहावा. हें काम घरांतील निवृत्त मंडळींस फार चांगलें साधतें.

निदान अगोदर, औषध मागून

मंदपणा हा रोग नव्हे, तें लक्षण आहे. शाळेंतील दृष्टान्त द्यावयाचा तर प्रोसेसर म्हणजे उदाहरण सोडविणारा विद्यार्थी, रॅम म्हणजे त्याची पाटी, आणि डिस्क म्हणजे पलीकडच्या खोलींतील कपाट. विद्यार्थी हुशार असूनही पाटी लहान असेल, तर अर्धें उदाहरण कागदावर उतरून त्या कपाटांत ठेवावें लागतें व पुन्हां आणावें लागतें. पाटी मोठी असली, पण कपाटाचें दार गंजलेलें असलें, तरीही वेळ जातोच. दोष कोणाचा हें कळल्यावांचून विद्यार्थ्यालाच मंदबुद्धि ठरविणें हा अन्याय आहे.

हें निदान करण्याचें साधन विंडोजमध्येंच आहे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यांत सी.पी.यू., मेमरी व डिस्क असे स्तंभ असतात. संगणक सुरू केल्यावर पहिलीं कांहीं मिनिटें सर्वच आंकडे वर जातात. म्हणून दहा मिनिटें थांबून मग पाहावें. नेहमींचें काम चालू असतां डिस्कचा आंकडा शंभर टक्क्यांशीं चिकटून बसला असेल, तर दोष बहुधा कपाटाचा, मेमरी नव्वदीच्या पलीकडे असेल, तर पाटीचा, आणि सी.पी.यू. सतत वर असेल, तर कोणता कार्यक्रम त्याला राबवीत आहे तें त्याच यादींत दिसतें. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल किंवा फाइली उघडतांना चुका दिसत असतील, तर वेगाचा विचारही करूं नये. ती डिस्क मरणपंथास लागली आहे असें समजून तत्काळ नक्कल करावी, आणि मगच दुसरें काम.

बिनखर्चाचे उपाय

निदान झाल्यावर पैसे न लागणारे उपाय अगोदर करावे. पहिला उपाय ‘रीस्टार्ट’. विंडोज १० मध्यें नेहमींच्या ‘शट डाऊन’नें यंत्र पूर्णपणें नव्यानें सुरू होत नाहीं, लौकर चालू व्हावें म्हणून त्याच्या अंतःस्थितीचा कांहीं भाग डिस्कवर जपून ठेविला जातो. ‘रीस्टार्ट’नें तो टाकून देऊन नवा आरंभ होतो. आठवड्यांतून एकदां तें करावें.

दुसरा उपाय टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’च्या यादीचा. यंत्राबरोबर आपण होऊन उठणारे कार्यक्रम त्या यादींत असतात. छपाई यंत्राचे सहायक, गाण्यांचे व संभाषणाचे कार्यक्रम वगैरे जे रोज लागत नाहींत, ते तेथें बंद करावे. बंद करणें म्हणजे काढून टाकणें नव्हे. पाहिजे तेव्हां ते उघडतां येतात. मात्र व्हायरसप्रतिबंधक कार्यक्रमास व ज्याचें काम आपणांस कळत नाहीं त्यास हात लावूं नये.

तिसरें कारण खास एकत्र कुटुंबाचें आहे. एकाच संगणकावर घरांतील चार-पांच जणांचीं खातीं असतात, आणि आपलें काम संपलें कीं प्रत्येक जण तसाच उठून जातो. त्याचे कार्यक्रम मात्र आंत उघडेच राहतात व पाटीचा एकेक कोपरा अडवून बसतात. संध्याकाळीं आजी भजनें ऐकावयास बसल्या, कीं त्यांच्या वांट्याला उरलेली पाटी हाताएवढी असते. उठतांना ‘साइन आऊट’ करण्याची शिस्त घरांत लावली, तर एक रुपया न खर्चतां फरक दिसतो. तसेंच, नवे कार्यक्रम बसविण्याचा अधिकार असलेलें खातें घरांतील एकाच जाणत्या व्यक्तीनें ठेवावें, आणि इतरांचीं खातीं साधीं असावीं. त्यामुळें वेगही टिकतो व सुरक्षाही.

चौथें, एका यंत्रांत दोन व्हायरसप्रतिबंधक कार्यक्रम ठेवूं नयेत. थोरल्यानें एक बसविला, धाकट्यानें दुसरा. मग एकच फाइल दोन दोन पहारेकरी तपासतात, व एकमेकांवरही संशय घेतात. विंडोज १० व ११ मध्यें ‘डिफेंडर’ मुळांतच असतो. सामान्य घरास तो नीट चालू असला म्हणजे पुरतो. पांचवें, डिस्क कांठोकांठ भरूं देऊं नये. साधारण पांचवा हिस्सा मोकळा असावा. ‘डाउनलोड्स’मधील जुने ढीग आणि फोनवरून आलेलीं तींच तींच चलच्चित्रें निवडून काढावीं, व तात्पुरत्या फाइलींसाठीं विंडोजचें स्वतःचें ‘स्टोरेज सेन्स’ वापरावें. सहावें, ब्राउझरमध्यें तीस तीस पानें उघडीं ठेवूं नयेत, आणि न लागणारीं जोडसाधनें काढून टाकावीं.

शेवटीं धूळ. पंखा धुळीनें भरला म्हणजे उष्णता बाहेर पडत नाहीं, आणि प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपला वेग आपणच कमी करतो. मेजावरच्या संगणकाची वीज तोडून, तार काढून, झांकण उघडावें. पंख्याचें पातें बोटानें धरून मऊ कुंचल्यानें धूळ काढावी. मांडीवरच्या संगणकाची बॅटरी फुगलेली दिसल्यास तो चालवूं नये, चार्जही करूं नये, तज्ज्ञाकडे द्यावा.

तबकडीचा दोष

इतकें करूनही डिस्कचा आंकडा शंभरावरच राहिला, तर तें कपाटच बदलावें लागतें. आंत जुन्या पद्धतीची फिरणारी तबकडी आहे काय, हें टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर विंडोज १० मध्येंच दिसतें. ही तबकडीची युक्ति आजची नव्हे. १९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें अशी पहिली डिस्क बाहेर काढली, तेव्हां तींत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि त्या सगळ्यांत मिळून सुमारें ५० लाख अक्षरें मावत. पुढें तबकडी तळहाताएवढी झाली व तिची धारणाशक्ति अफाट वाढली. पण फिरण्याची रीत तीच राहिली. घरगुती डिस्क मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ७,२०० म्हणजे सेकंदास १२० फेरे. हवा असलेला भाग वाचणाऱ्या टोकाखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा लागतो. त्यांत तें टोक सरकण्याचा वेळ मिळविला, म्हणजे ठिकठिकाणीं विखुरलेली माहिती उचलण्याचें काम सेकंदास शंभरेक वेळांपलीकडे जात नाहीं. विंडोज सुरू होतांना अशा हजारों लहान लहान उचली कराव्या लागतात. विद्यार्थी कपाटापाशीं ताटकळत उभा राहतो तो यामुळेंच.

एस.एस.डी. ह्या नव्या साधनांत फिरणारें कांहींच नसतें. माहिती विजेच्या भारानें सांठविलेली असते व ती कोठूनही जवळजवळ तत्काळ उचलतां येते. सेकंदास शंभर उचलींच्या जागीं हजारों होतात. तबकडीच्या जुन्या संगणकांत एस.एस.डी. बसविणें, हा आमच्या माहितींतील सर्वांत गुणकारी एकटा उपाय आहे. यंत्र तेंच, प्रोसेसर तोच. परंतु मिनिटांचें काम सेकंदांवर येतें. जुन्या मांडीवरच्या संगणकांत बहुधा अडीच इंचांची ‘साटा’ जातीची डिस्क बसते, कांहींत ‘एम-डॉट-टू’ जातीची. विकत घेण्यापूर्वीं यंत्र उघडून खात्री करावी. जुन्या डिस्कवरील सर्व कांहीं जसेंच्या तसें नवीवर उतरून घेतां येतें. दुकानांत देतांना ‘डिस्क पुसूं नये, जुनी डिस्क परत द्यावी’ असें पावतीवर लिहून घ्यावें. परत आलेली जुनी डिस्क कांहीं महिने कपाटांत ठेवावी. तीही एक नक्कलच आहे. एस.एस.डी. मात्र वर्षानुवर्षें वीज न देतां दप्तर जपण्यास योग्य नाहीं. आणि तबकडीसाठीं असलेल्या ‘डीफ्रॅगमेंट’च्या कार्यक्रमांची तिला गरज नाहीं. तिची निगा विंडोज स्वतः राखतें.

मेमरीचाच आंकडा भरलेला असेल, तर रॅम वाढवावी. ४ जी.बी.च्या जागीं ८ जी.बी. केल्यास सामान्य घराचें काम सुखानें चालतें. डी.डी.आर. ३ व डी.डी.आर. ४ ह्या जाती एकमेकींच्या जागीं बसत नाहींत. त्यांच्या खांचाच वेगळ्या ठिकाणीं असतात. कांहीं संगणकांत रॅम मुळांतच झाळलेली असते, तेथें हा उपाय होत नाहीं.

वेगाच्या नांवाखालीं विषप्रयोग

आतां जें करूं नये तें सांगतों. ‘एका कळीनें संगणक दसपट वेगवान’ अशा जाहिरातींचे कार्यक्रम बसवूं नयेत. विंडोजची ‘रजिस्ट्री’ म्हणून जी अंतर्गत नोंदवही आहे, ती साफ करणाऱ्या कार्यक्रमांच्या वापरास मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाहीं. त्या वहींतील चार जुन्या ओळी खोडून वेग वाढत नाहीं; चुकीची एक ओळ खोडली तर यंत्र मात्र उठत नाहीं. २०१७ सालीं ‘सीक्लीनर’ ह्या अतिशय लोकप्रिय सफाई कार्यक्रमाच्या ५.३३ ह्या आवृत्तींत चोरांनीं कंपनीच्या नकळत घातक भाग मिसळला, आणि ती आवृत्ति सुमारें २२ लाख ७० हजार लोकांच्या संगणकांवर गेली. नांवाजलेल्या कार्यक्रमाची ही गत, तर अनोळखी कार्यक्रमाची काय हमी?

दुसरें, वेगासाठीं अपडेट किंवा व्हायरसप्रतिबंधक कार्यक्रम बंद करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकूं नये. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ नांवाच्या खंडणीखोर व्हायरसनें सुमारें दीडशें देशांतील दोन लाखांवर संगणकांना ग्रासलें व त्यांतील फाइली कुलूपबंद करून पैसे मागितले. ज्या छिद्रांतून तो शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें दोन महिने अगोदर, १४ मार्च २०१७ रोजींच, दिली होती. ज्यांनीं ती लावली त्यांचें दार बंद होतें; ज्यांनीं टाळली त्यांचें उघडें राहिलें.

तिसरा प्रकार फोनवरील ठकांचा. पडद्यावर मोठा इशारा येतो, ‘तुमचा संगणक बिघडला आहे, ह्या क्रमांकावर बोला’. किंवा कोणी आपण होऊन फोन करून गोड शब्दांत दुरुस्तीची तयारी दाखवितो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत दूरध्वनि क्रमांक नसतो, व ती कंपनी आपण होऊन कोणास असा फोन करीत नाहीं. दुपारच्या वेळीं घरांत एकट्या असलेल्या वडील माणसांस हें आवर्जून सांगून ठेवावें. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून त्याच्या हातीं आपला पडदा देणारा कार्यक्रम बसविणें, म्हणजे तिजोरीची किल्ली देणें होय. फसवणूक झालीच, तर आपल्या देशांत १९३० हा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक आहे; त्यावर व आपल्या बँकेंत लगेच कळवावें. अशा वेळीं घरच्यांनीं फसलेल्या माणसास रागें भरूं नये. लाजेनें गप्प बसण्यांतच पैसा कायमचा जातो.

विंडोज १० नंतर काय?

जुन्या संगणकांपैकीं पुष्कळांवर विंडोज १० आहे. २०१५ सालीं आलेल्या ह्या कार्यप्रणालीचा नेहमींचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. ज्या घरगुती ग्राहकांनीं विस्तारित योजनेंत नांव नोंदविलें, त्यांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याचें मायक्रोसॉफ्टनें जाहीर केलें. विंडोज ११ साठीं टी.पी.एम. २.० ही सुरक्षेची सोय व ठराविक प्रोसेसर लागतात. इंटेलचे आठव्या पिढीपूर्वींचे बहुतेक प्रोसेसर त्यांत बसत नाहींत. ही अट चुकवून विंडोज ११ बसविण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. परंतु अशा यंत्रांस पुढें अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाहीं. बँकेचें काम ज्या यंत्रावर होतें, त्यावर असा प्रयोग नको.

अशा यंत्रासाठीं लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. ‘लिनक्स मिंट’ ही विनामूल्य कार्यप्रणाली २ जी.बी. रॅमवर कशीबशी व ४ जी.बी.वर सुखानें चालते. तिचा मोठा गुण असा कीं, डिस्कवरील कांहींही न बदलतां ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहतां येते. पेन ड्राइव्हवरून ती थोडी संथ वाटेल, पण छपाई यंत्र चालतें काय, मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक जमतो काय, घरच्या मंडळींस ती पचते काय, हें दोन-चार दिवस पाहावें. मग निर्णय करावा. विंडोजसाठींच बनविलेले हिशेबाचे किंवा जुन्या मराठी लेखनाचे कार्यक्रम तिच्यावर सहसा चालत नाहींत, ही उणीव आधींच ध्यानांत घ्यावी.

आणि कधीं कधीं टाकणेंच योग्य असतें. मुख्य पट्टीच बिघडली, किंवा सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणारी एकही कार्यप्रणाली त्यावर चालेना, तर हट्ट धरूं नये. डिस्क काढून घ्यावी किंवा नीट पुसून घ्यावी, आणि यंत्र भंगारवाल्यास न देतां ई-कचऱ्याच्या अधिकृत पुनर्वापरकर्त्याकडे पोहोंचवावें. त्यांतील शिसें व इतर द्रव्यें माती-पाण्यांत जाऊं नयेत.

एक शेवटची सूचना. संगणकाशेजारीं एक साधी वही ठेवावी. कोणत्या तारखेस काय बदललें, कोणी बदललें, नक्कल केव्हां केली, त्यानें गुण आला कीं नाहीं, हें चार ओळींत लिहावें. घरांतील प्रत्येकानें उपाय करावा आणि कोणासच आठवूं नये, ह्यामुळें जेवढे संगणक बिघडतात तेवढे वयानें बिघडत नाहींत. त्या वहीच्या पहिल्या पानावर नक्कल कोठें ठेविली आहे तें लिहून, तें पान घरांतील सर्वांस दाखवून ठेवावें. हें काम येत्या रविवारीं सुद्धां करतां येण्यासारखें आहे.